पिवळ्याचं काय करायचं?

माझ्या रक्तवाहिन्या ही माझी खासगी मालमत्ता होती, तोवर मला त्यांची कधी आठवणही झाली नाही. त्या सोसायटीच्या सामाईक वापरात आल्या आणि माझ्या आयुष्यात दुसरा विषयच उरला नाही. आता जिन्यात भेटणारा माणूस मला ‘कसे आहात’ असं विचारत नाही, ‘ब्लॉक काय म्हणतात’ असं विचारतो. ब्लॉक काही म्हणत नाहीत. म्हणणारी माणसं वेगळी असतात आणि ती बहुतेक आमच्याच विंगेत राहतात.

सुरुवात ऑफिसातल्या आरोग्य शिबिरानं झाली. शिबिर फुकट होतं, त्यामुळे ते चुकवणं माझ्या स्वभावात बसणारं नव्हतं. रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली आणि विसरून गेलो. रिपोर्ट आला तेव्हा त्यातले बरेच आकडे जाड ठशात होते. मला वाटलं, सिनियर माणसाचे आकडे असेच छापत असतील. मग पनवेलमधल्या एका हृदयाच्या डॉक्टरांनी मला सरकत्या पट्ट्यावर आधी चालवलं, मग पळवलं, मग थांबवलं आणि मशीनमधून निघालेल्या कागदाकडे बराच वेळ पाहिलं. “घाबरण्यासारखं काही नाही,” असं ते म्हणाले आणि मी तिथल्या तिथे घाबरलो. खरंच काही नसतं, तर हे वाक्य बोलायची त्यांना गरज काय होती?

डॉक्टरांचं म्हणणं असं की, मोरीच्या पाइपात तेलकट साठत जातं तसं माणसाच्या नळ्यांतही साठतं. माझ्यात किती साठलंय ते अँजिओग्राफी केल्यावर कळेल. घाई नाही, सवडीनं करू. तोवर खाणं सांभाळा. तेल अगदी कमी, मीठ जवळजवळ बंद, साय नाही, तूप नाही, कोंबडीचं कातडं नाही, अंड्याचं फक्त पांढरं. मासे चालतील, चांगले असतात, पण तळलेले नकोत.

माझी बायको दमयंती शेजारच्या खुर्चीत मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. ती उरणकडची. घरी बोलते, पण डॉक्टरांसमोर तोंड उघडत नाही. त्या दिवशी मात्र तिनं विचारलं, “डॉक्टर, पांढरं यांना दिलं, तर पिवळ्याचं काय करायचं?”

डॉक्टर हसले. “ते तुम्ही बघा,” म्हणाले आणि पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली. कुठे काय विचारावं याला काही धरबंध असतो, हे मी रिक्षात तिला सविस्तर समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात मी एक महत्त्वाचा माणूस झालो. हे खोटं कशाला सांगू, मला ते आवडलंही. ऑफिसात अठ्ठावीस वर्षं काढूनही माझ्यासाठी कोणी वेगळी खुर्ची ठेवली नव्हती. इथे माझी वेगळी कढई झाली, वेगळी बरणी झाली, दुधाचं वेगळं पातेलं झालं. माझ्या दुधावरची साय निघे, माझ्या रश्शावरचा तवंग पळीनं अलगद बाजूला होई, माझ्या कोंबडीचं कातडं सोललं जाई आणि माझ्या अंड्याचं पांढरं तेवढं वेगळं शिजून येई. मी एकटाच टेबलाशी बसून उदास चेहऱ्यानं जेवायचो, कारण असलं जेवण हसत जेवलं तर लोकांना त्यातला त्याग दिसत नाही. माझं झालं की दमयंती आत ओट्याशी पाट घेऊन बसायची. ती काय जेवायची ते मला ठाऊक नाही. तोवर माझी शतपावली सुरू झालेली असे.

तिच्या माहेरी अन्न टाकणं म्हणजे पाप. कालवणाची कढईसुद्धा भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं पुसून घेतात आणि मगच घासायला टाकतात. तिनं घासायला टाकलेली कढई आणि घासून आलेली कढई यांत मला कधी फरक करता आला नाही.

बातमी सोसायटीत पसरायला एक संध्याकाळ पुरली. चौथ्या मजल्यावरचा केतन आला. हा मुलगा कुठल्याशा कंपनीत मशिनी विकतो आणि उरलेल्या वेळात शरीरशास्त्र शिकवतो. त्यानं मला लसूण, आलं, लिंबू आणि व्हिनेगर यांचा काढा सांगितला. सगळे रस एकत्र करून अर्धे होईपर्यंत आटवायचे आणि मध घालून रोज उपाशीपोटी घ्यायचे. “काका, ब्लॉक असे विरघळतात,” म्हणून त्यानं चुटकी वाजवली. काढा आटवला त्या दिवशी आमच्या मजल्यावरच्या लोकांनी गॅस गळतोय असं समजून मेन व्हॉल्व बंद केला. मी पहिला घोट घेतला. ब्लॉकचं माहीत नाही, पण माझा घसा विरघळल्यासारखा झाला आणि दोन दिवस मी ऑफिसात खुणांनी काम केलं. कामात काही फरक पडला नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

मग समोरच्या हेतलबेन दुधी घेऊन आल्या. “दिनानाथभाई, ते लसूण-बिसूण सोडा. रोज सकाळी दुधीचा रस. माझ्या जेठजींचं, मोठ्या दिरांचं, सगळं क्लियर झालं.” त्यांचे जेठजी हल्ली कुठे असतात असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी वर पाहिलं. पण ते जिन्यावरून पडून गेले होते, त्यात दुधीचा काही दोष नव्हता, असंही त्यांनी सांगितलं. मी आठवडाभर रस प्यालो. एक दिवस दुधी कडू निघाला. कडू आहे म्हणजे गुणकारी असणार, या विचारानं मी ग्लास संपवला आणि पुढचा सबंध दिवस मोरीत काढला. डॉक्टर फोनवर ओरडले. कडू दुधी विषारी असतो म्हणे. दमयंती दाराबाहेर लिंबूपाणी घेऊन उभी होती. मध्येच तिनं दाराच्या चौकटीला हात टेकला आणि दाढ दुखतेय असं काहीतरी म्हणाली. मी आतून सांगितलं की आत्ता दाढेचं नको.

आमची मुलगी, तिचं नाव पूर्वी, नोकरीसाठी बंगळुरात असते. तिचा फोन आला. माझा सगळा वृत्तांत ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, “बाबा, आईचंही एकदा चेक करून घ्या ना.” मी म्हणालो, “आईला काय धाड भरलीय? दिवसभर उभी असते.” हे मी कौतुकानंच म्हणालो होतो.

आता उरले मासे. मासे ही एकच गोष्ट डॉक्टरांनी स्वतःहून चांगली म्हटली होती, तेव्हा हा उपाय नीट करायचा असं मी ठरवलं. दमयंतीचा भाऊ जगन करंजाला मासळीच्या धंद्यात आहे. त्याला फोन केला की, बांगडे पाठव, ताजे, औषधाला हवेत.

“दाजी, आता पावसाळ्याची बंदी हाय,” जगन म्हणाला. “बोटी वर काढल्यान. ताजा मासा आता ऑगस्टाशिवाय नाय. पन सुका हाय की. सुका म्हंजे मासाच, नुसतं पानी गेलेलं.”

मला ते पटलं. पाणी काही औषधी नसतं. जगननं गोणी पाठवली. सुके बांगडे, बोंबील, वर मूठभर सुकट. मी रोज दोन्ही वेळा बांगडा गॅसवर नुसता भाजून खाऊ लागलो. तेलाचा थेंब नाही, चवीलाही वरून मीठ नाही. इतक्या चवदार पद्धतीनं कोणी पथ्य पाळलं नसेल. भाजल्याचा वास जिन्यातून वर गेला, डक्टमधून खाली गेला आणि सोसायटीच्या ग्रुपवर कोणाचंही नाव न घेता माझ्यावर चर्चा झाली. हेतलबेन मात्र तोंडावर बोलल्या. “तुमची नळी साफ होते ते बरं आहे, पण आमचं नाक बंद होतं त्याचं काय?” आजारी माणसाशी हे असं बोलणं मला लागलं. मी खिडक्या लावून घेतल्या आणि बांगडा वाढवला.

पुढे माझे पाय सुजले. डोकं गरगरू लागलं. वडाळे तलावाला फेरी मारताना पाणी माझ्याभोवती फिरतंय असं वाटायला लागलं. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर मोजलं, पुन्हा मोजलं आणि चष्मा काढला.

“मीठ किती खाता?”

“चिमूटभरही नाही.”

“मग काय खाता?”

मी अभिमानानं सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, “सुके मासे सुकवतात कशात?”

“उन्हात.”

“आणि उन्हात टाकायच्या आधी?”

मी दमयंतीकडे पाहिलं. “मिठात मुरवतात,” ती हळूच म्हणाली. “मी बोलले होते यांना, त्याच्यात मीठ हाय म्हनून. हे बोलले, ते मीठ वेगळं.”

मी असं म्हणालो असेन. त्या दिवसांत मी बरंच काही म्हणत होतो. घरी आल्यावर मी सुक्या मासळीचं नाव टाकलं. अर्धी गोणी शिल्लक होती. तिचं काय करायचं, हे दमयंतीनं या वेळी कोणाला विचारलं नाही.

डॉक्टरांनी आता सवड गुंडाळून ठेवली आणि अँजिओग्राफी लगेच करा म्हणाले. लगेच हा शब्द विमा कंपनीला माहीत नसतो. मला हा आजार पॉलिसी घेण्याच्या आधी नव्हता, याचा पुरावा त्यांनी मागितला. जे नव्हतं त्याचा पुरावा कसा देतात, असं मी फोनवर विचारलं. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली की, पूर्वीच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र चालेल. आमचे पूर्वीचे डॉक्टर वारले आहेत, असं मी कळवलं. तर त्यांच्या मृत्यूचा दाखला जोडा, आणि शक्य झाल्यास त्यांचं प्रमाणपत्रही जोडा, असं उत्तर आलं. मी त्या डॉक्टरांच्या मुलाकडे कामोठ्याला जाऊन आलो. त्यानं वडिलांचा दाखला दिला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू त्याच्या वडिलांच्या जाण्यात माझाच हात असावा.

या सगळ्या धावपळीत दमयंतीची दाढ अधूनमधून दुखत राहिली. बाजारातून पिशव्या घेऊन आली की दुखायची, बसली की थांबायची. ती दाढेत लवंग धरायची. कधी पाठ धरते म्हणायची. हेतलबेननी तिला बाम दिला, मी माझ्या डब्यातली पित्ताची गोळी दिली. एकदा जिन्यात कठड्याला धरून उभी राहिलेली दिसली, तेव्हा मी तिला म्हणालो, “घरात पेशंट एकच असावा. दोघं झोपलो तर बघणार कोण?” ती हसली आणि पिशव्या उचलून वर आली. तेव्हा ते मला नेमकं बोलल्यासारखं वाटलं होतं.

विम्याची मंजुरी आली तेव्हा श्रावण लागला होता. मला निरोप द्यायला सोसायटी खाली जमली. केतननं माझा हात दाबला. हेतलबेननी देवाची फुलं दिली. मी सर्वांना मंद हसून हात जोडले. असा प्रसंग माणसाच्या वाट्याला वारंवार येत नाही.

हॉस्पिटलमध्ये मला व्हीलचेअरवर बसवलं. मी चालू शकतो असं सांगून पाहिलं, पण नियम होता. लिफ्ट फक्त पेशंटसाठी, नातेवाइकांनी जिन्यानं यायचं, हाही नियम होता. दमयंतीच्या हातात माझ्या कपड्यांची बॅग होती, फायलींची पिशवी होती, पाण्याच्या बाटल्या होत्या आणि माझ्यासाठी अळणी खिचडीचा डबा होता. दार मिटताना ती पहिल्या पायरीवर पाय ठेवताना दिसली.

वर मला तो मागून उघडा असणारा हिरवा झगा घालायला दिला. त्यात कोणाच्याही अब्रूची सोय नसते. मी पलंगाच्या कडेला, भिंतीला पाठ लावून बसलो. बऱ्याच वेळानं दमयंती आली. नर्सनं तिच्यापुढे संमतीचा कागद धरला, “इथे नातेवाइकांची सही.” तिनं पेन घेतलं आणि तशीच उभी राहिली. तिच्या कपाळावरून घाम टपटप गळत होता. “जरा पानी द्या,” ती म्हणाली. “दाढ लई दुखतेय.”

नर्सनं पाणी दिलं नाही. तिनं दमयंतीच्या मनगटावर बोटं ठेवली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, “काका, उठा. बेड रिकामा करा.”

मी उठलो. माझ्यासाठी अंथरलेल्या पलंगावर दमयंतीला झोपवलं. माझ्यासाठी आणलेल्या वायरी तिच्या छातीला लागल्या. माणसं धावत आली. कोणीतरी माझ्या हातात तिच्या बांगड्या आणि मंगळसूत्र रुमालात बांधून दिलं आणि मला बाहेर काढलं. मला भीती वाटली. माझ्या आजाराची भीती मी इतके महिने चवीचवीनं वापरली होती. ही तसली नव्हती. हिला चव नव्हती.

खाली जाऊन ॲडमिशन करा, असं सांगितलं म्हणून मी जिन्यानं पळालो. एक हात मागे झगा धरायला, एक हात रुमालाला. काउंटरवरचा माणूस म्हणाला, “पेशंटचं नाव?”

“दमयंती दिनानाथ घरत.”

“तुम्ही कोण?”

“नातेवाईक.”

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “अंगावर कपडे तर पेशंटचे आहेत.”

“हो. पण मी नाही. ती.”

त्यानं संगणकात पाहिलं. “मंजुरी दिनानाथ घरत यांची आहे.”

“ती तिला द्या,” मी म्हणालो. “माझी तिला द्या. चालत नाही का?”

चालत नव्हतं. त्यासाठी नवा अर्ज लागणार होता. मागे रांगेत उभी असलेली माणसं माझ्या पाठीकडे पाहत होती आणि मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. मी अर्ज भरला. त्यात एक रकाना होता, पेशंटला पूर्वीचे आजार. मी पेन धरून थांबलो. तिला कधी काय झालं होतं, मला आठवेना. मग मी ‘दाढ’ असं लिहिलं.

ती वाचली. तिची एक मोठी नळी जवळजवळ पूर्ण बुजली होती, ती उघडून आत जाळी बसवली. डॉक्टर बाहेर आले. हेच ते, पिवळ्याला हसलेले.

“हे महिन्या-दोन महिन्यांत होत नाही,” ते म्हणाले. “वर्षानुवर्षं साठत आलंय. दाढ म्हणत होत्या ते दुखणं हृदयाचंच होतं. यांना कधी तपासलंच नव्हतं का?”

“नाही,” मी म्हणालो.

“त्या खातात काय?”

माझं खाणं मला तोंडपाठ होतं. तेलाचे थेंब, भाकरीचा आकार, काकडीच्या चकत्या, सगळं. तिचं काय सांगायचं? आमच्या लग्नानंतर ती जेवत असताना मी तिच्या समोर किती वेळा बसलो असेन, हे मी आठवू लागलो आणि मला सणवार सोडून काही आठवेना.

“माझं राहिलेलं,” मी म्हणालो. “मला चालत नाही ते.”

या वेळी डॉक्टर हसले नाहीत. पिवळ्यावरून मी तिला रिक्षात काय बोललो होतो ते त्यांना सांगणार होतो, पण ते कामात होते.

माझी तपासणी पुढे कधीतरी झाली. किरकोळ निघालं, गोळ्यांवर भागेल म्हणाले. केतनचा अगदी हिरमोड झाला. जिन्यात आता लोक दमयंतीचे ब्लॉक काय म्हणतात असं विचारतात, आणि मला विचारतात की स्वयंपाक कोण करतं.

मी करतो. वाईट करतो, पण करतो. पहिल्या दिवशी अंडी फोडली, पांढरं दोघांसाठी वेगळं काढलं आणि पिवळ्याची वाटी हातात घेऊन ओट्याशी उभा राहिलो. टाकायला हात होईना. संध्याकाळी बघू म्हणून वाटी झाकून ठेवली आणि गोळ्या आणायला टपाल नाक्यापर्यंत गेलो. आलो तेव्हा वाटी घासून पालथी घातलेली होती.

“यातलं कुठे गेलं?”

दमयंती कॉटवर पडून भिंतीकडे पाहत होती. “मांजर आलं होतं.”

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि खिडकीला जाळी आहे. मी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, अधूनमधून अर्धं अंडं दोघांनी पिवळ्यासकट खाल्लं तर काही बिघडत नाही. माझा जीव भांड्यात पडला. आता पांढरं-पिवळं ही भानगडच नको, एकच अंडं उकडायचं, मधोमध कापायचं, अर्धं तिला, अर्धं मला, आणि जेवायचं दोघांनी टेबलाशी समोरासमोर, असा नियम मी घरात केला. तिच्या आधी मी घास घेणार नाही, हेही जाहीर केलं.

काल पहिल्यांदा तसे बसलो. दोन ताटं, दोन अर्धी अंडी. ती म्हणाली, “तुमी घ्या ना.” मी म्हणालो, “आधी तू.” ती म्हणाली, “तुमच्या आधी कसं घेऊ? आजवर कधी घेतलंय का?” भाकरी गार होत गेली. आम्ही एकमेकांच्या ताटाकडे पाहत बसलो. शेवटी मी डोळे वटारले तेव्हा तिनं हात पुढे केला. आपल्या अर्ध्या अंड्यातलं पिवळं बोटानं अलगद सोडवून स्वतःच्या ताटात ठेवलं आणि पांढरं उचलून माझ्या ताटात घातलं.

“खा,” ती म्हणाली. “तुमाला हे चालतं.”